आसईच्या तोफा आणि आमचे सुतारमामा

आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या भागात आसईची लढाई पुस्तकातून कुणालाच कळली नाही. ती म्हाताऱ्यांनी सांगितली. ज्वारी राखताना सांगितली, नाहीतर उन्हाळ्यात माळवदावर गोधड्या टाकून पडल्यावर. आजोबा सांगत तेव्हा तोफा आमच्या शिवारातून गेल्या होत्या, आजी सांगे तेव्हा तिच्या माहेरच्या. आजीचं माहेर केळनेच्या काठचं. इंग्रज सेनापती वेलस्ली ज्या उतारानं नदी पार झाला त्याच्या अंगाला पिंपळगाव होतं, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. आजोबा ते गाव आपलंच म्हणायचे. आजी लगेच ठासून सांगायची, “मव्हं ऐका, ते नदीकाठचं पिंपळगाव. तुमचं न्हाई.” भोकरदनच्या पट्ट्यात पिंपळगावं काय थोडी आहेत? पण या वादात आमची संध्याकाळ गोड जायची, आणि चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असायचे.

घरात एक लोखंडी गोळा होता. दोन्ही हातांनी उचलावा लागे. आजी त्यानं वाळलेली मिरची ठेचायची. आमचा गाव मिरचीचा. हंगामात बाजारात पोती रचली की अख्खा गाव शिंकतो. आजोबांच्या मते तो गोळा नांगराला लागलेला आणि थेट आसईचा. तो खरंच तोफेचा होता, की कुण्या जिनिंगच्या यंत्राचा भाग, हे आता कोण सांगणार? घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो कुणाकडे गेला तेही आठवत नाही. मिरचीचा खकाणा मात्र अजून नाकात आहे.

आता कागदावरचं. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरात तो आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी भोकरदनकडे निघाले. 23 सप्टेंबरला वेलस्ली नळणीपाशी आला. शिंदे-भोसल्यांची फौज अजून लांब आहे असं त्याला वाटत होतं, पण ती केळना आणि जुईच्या मधल्या बेचक्यात समोरच उभी होती. दौलतराव शिंद्यांची कवायती पायदळं हानोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली होती आणि तोफा शंभराच्या आसपास. नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीनं दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की ही माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे उतार असणारच. आजोबा इथं थांबून म्हणायचे, “त्यानं गडी पाह्यले न्हाईत, सोयरीक पाह्यली.”

मग तोफा सुरू झाल्या. महादजी शिंद्यांनी द बॉईन्य या युरोपीय सेनानीला चाकरीत घेतल्यावर आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात. त्या परंपरेतल्या या तोफा. त्यांच्या माऱ्यात वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल इतके पडले, की त्याला आपल्या तोफा मागे सोडून पायदळ पुढे न्यावं लागलं. सैन्याचे आकडे इतिहासात भरपूर असतात. त्या बैलांचा एवढाच उल्लेख. आमच्या घरात तेवढाही पुरेसा होता. आजोबा बैलांविषयी बोलताना आवाज खाली आणत.

गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी राहिले. इंग्रजांची रांग पुढे सरकली तेव्हा काहींनी मेल्याचं सोंग घेतलं, आणि ती पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. त्या दिवशी इंग्रजांकडचे चारशेहून अधिक मेले, हजारावर जखमी झाले. जखमींना अजिंठ्याला नेलं. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. वॉटर्लू जिंकल्यानंतरही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचंच नाव घ्यायचा, असं सांगतात. त्याचं नाव जगभर राहिलं. गोलंदाजांचं एकही नाव आमच्या म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी उगीच एखादं रचलंही नाही. याचा मला आज अभिमान वाटतो. 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. आमच्याकडे उरला त्याच सालचा दुष्काळ. म्हातारी माणसं लढाई आणि दुष्काळ एका श्वासात सांगत.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या भाच्यामुळं. तो पुण्याला कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गडांवर जातो, गवतात उलथून पडलेल्या तोफा सावरायला. हा छंद आता महाराष्ट्रात बराच रुजलाय. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी कितीतरी तोफांना सागवानी गाडे करून दिलेत. मुंबईच्या राजभवनात 2018 साली मातीत गाडलेल्या दोन प्रचंड तोफा सापडल्या, एकेक बावीस टनांची. त्या क्रेननं उचलाव्या लागल्या. गडावर क्रेन कुठली? तिथं दोरखंड, पहारी, लाकडी ओंडके आणि माणसांचे खांदे. त्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी, आणि ती कधी लवकर मिळत नाही.

भाचा सांगतो ते मी कान देऊन ऐकतो. तोफेच्या तोंडातली माती, दगड, कधी विंचूही बाहेर काढायचे. गंज घासायचा तो हलक्या ब्रशनं. यंत्रानं खरवडला तर नळीवर कोरलेली अक्षरं आणि वजनाची खूण कायमची जाते. मग रसायनानं गंज थोपवायचा आणि वर मेणाचा थर द्यायचा. तोंड थोडं खाली झुकतं ठेवायचं, म्हणजे पाऊस आत साठत नाही. मला सगळ्यात पटलं ते सिमेंटच्या ओट्याविषयी. जिथं तिथं तोफा सिमेंटमध्ये बसवून वर चकचकीत काळा रंग फासलेला दिसतो. सिमेंट ओल धरतं आणि लोखंड खालून खात जातं. रंगाखाली काय चाललंय ते दिसतही नाही. तोफेची जागा गाड्यावरच. नळीच्या दोन बाजूंना जे आखूड दांडे असतात, त्यांच्यावरच तिचा तोल असतो. ते दांडे गाड्याच्या खाचेत बसले की ती खरी विसावते.

गडावरच्या तोफेला चार ठेंगणी चाकं चालतात. पण एका खेपेला भाच्याला आणि त्याच्या मित्रांना मैदानी तोफेसारखा गाडा करायचा होता, दोन उंच चाकांचा. शहरात असं चाक करणारा सापडेना. मी म्हटलं, आपल्या सुतारमामांकडे चल.

सुतारमामा आता नव्वदीला टेकलेत. टायरच्या गाड्या आल्यापासून त्यांचं बैलगाडीची चाकं घडवायचं काम गेलं. भाच्यानं कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, ही तं गाडीच हाय. हिला जू तेवढं लावायचं राह्यलं.” मग त्यांचा हात सुटला. चाकाचा मधला तुंबा बाभळीचा. आरे तुंब्यात सरळ ठोकायचे नाहीत, बाहेरच्या अंगाला जरा कलते; बैल चालताना गाडी डोलते, तो हिसका कललेला आराच सोसतो. तोफ उडाल्यावरचा धक्काही असाच आडवातिडवा येत असेल, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. भाचा माझ्याकडे बघतच राहिला.

चाकावर लोखंडी धाव चढवायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. धाव चाकापेक्षा थोडी लहानच करतात. लोहारानं ती गोवऱ्यांच्या आरात लाल केली, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवली, लाकडानं पेट घेतला, आणि लगेच घागरींनी पाणी. धाव आवळत गेली तसे सांध्यांतून कडकड आवाज आले. घरून धपाटे, दही आणि मिरचीचा ठेचा आला होता. पुण्याच्या पोरांच्या डोळ्यांतून ठेच्यानं पाणी काढलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. त्या दिवशी मला वाटलं, 98 तोफा गेल्या, पण त्यांना चालवणारी चाकं ज्या हातांनी घडवली ती विद्या आमच्या गल्लीतून गेलीच नव्हती. तिला कुणी विचारायला आलं नव्हतं, एवढंच. या पोरांच्या छंदाचं मला मोल वाटतं ते यासाठी. ती जुनं लोखंड उभं करतात आणि त्याच्या निमित्तानं जुन्या माणसांच्या दारात येऊन बसतात.

चाकं न्यायला टेम्पो आला तेव्हा सुतारमामांनी भाच्याला बजावलं: मृगाच्या आधी वंगण घालायचं, आणि दोन-चार महिन्यांनी चाक थोडं फिरवून ठेवायचं, नाहीतर जमिनीला टेकलेला भाग आधी कुजतो. पोरं ते पाळतात. मी भाच्याच्या मागे लागलोय, की आसईतही एक गाडा उभा करा. खरी तोफ मिळणार नाही, तर तशीच ओतलेली ठेवा, पण गाडा मात्र इथल्या बाभळीचा हवा. परवानग्यांचे अर्ज भाच्याकडे आहेत. सुतारमामांनी अर्जांची वाट पाहिली नाही. त्यांनी नातवाकरवी बाभळीचे ओंडके डोहात भिजत टाकलेत, कीड लागू नये म्हणून, आणि दिवाळीनंतर ते बाहेर काढून सावलीत वाळवायला सांगितलेत.