आगोटीची खरेदी आणि महागाईचा आकडा

मृग लागायच्या आधी पेण आणि रोह्याच्या बाजारात आगोटीची झुंबड उडते. तांदूळ, कांदे, सुकी मासळी, मसाले यांची चार महिन्यांची बेगमी करताना पिशवीत छत्री, पावसाळी चपला, प्लॅस्टिकचा कागदही येऊन पडतो. तांदूळ संपतो, मासळी संपते. छत्री मात्र सांभाळली तर पुढच्या पावसालाही कामी येते. धड टिकाऊ नाहीत, धड संपणाऱ्या नाहीत अशा या मधल्या वस्तूंनी, म्हणजे भांडी, चादरी, पादत्राणे यांनी, महागाई मोजणाऱ्यांना शंभर वर्षे पेचात धरले आहे.

मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले आणि मुंबईतल्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला. पाया होता जुलै १९१४, महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा. टोपलीत धान्य, डाळी, इतर खाद्यपदार्थ, जळण-दिवाबत्ती, कापड आणि घरभाडे. कोकणातून गिरणीत गेलेल्या माणसाची वळकटी, तवा, तांब्या यांना त्यात जागा नव्हती. किरकोळ खर्चाचा गट आला तो पुढे, १९३३-३४ हे आधारवर्ष धरलेल्या नव्या मालिकेत.

यात त्या कचेरीला फार दोष देता येत नाही. तांदळाचा भाव दर आठवड्याला कळतो. हंडा घरात एकदा आला की वर्षानुवर्षे हलत नाही. शिवाय तांब्यापितळेची भांडी वजनावर विकली जात. जुने भांडे मोडीत घालायचे, तोलून घ्यायचे, त्याची किंमत वजा करून वरचे पैसे द्यायचे. मग हंड्याचा भाव म्हणजे नेमका कोणता? नव्या धातूचा, घडणावळीचा, की मोड वजा जाता गिऱ्हाइकाने मोजलेला?

इरल्याने तर याहून मोठी अडचण करून ठेवली. बांबूच्या कामट्यांवर पाने बसवलेले हे पाठीवरचे छप्पर घालून कोकणात भातलावणी चाले, कारण वाकून रोप लावताना छत्री धरायला हात मोकळा नसतो. प्लॅस्टिक आले आणि इरली बाजारातून दिसेनाशी झाली. त्याच मालाचा, त्याच दुकानातला भाव महिन्यामागून महिना टिपायचा, हा निर्देशांकाचा मूळ नियम. मालच उरला नाही तर बदली वस्तू घ्यावी लागते. प्लॅस्टिक स्वस्त पडते, पण किती पावसाळे टिकते? हा फरक हिशेबात धरायचा राहिला, तर महागाई कागदावर कमी दिसते.

या मोजमापाच्या इतिहासात रोह्याचे एक नाव ठळक आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. त्या मानाने, १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ दोन दशके ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते, हे क्वचितच सांगितले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये आणि केंद्रीय सांख्यिकी संघटना १९५१ मध्ये उभी राहिली, ती त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने.

पाहणीतला खरा वाद प्रश्नाचा. ‘गेल्या तीस दिवसांत काय घेतले?’ असे रोह्यातल्या घरी जूनमध्ये विचारले तर छत्री सापडेल. जानेवारीत विचारले तर नाही. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत कपडे, पादत्राणे आणि टिकाऊ वस्तूंसाठी फक्त ३६५ दिवसांचा हिशेब विचारला गेला. त्यामुळे तळच्या घरांचा या वस्तूंवरचा खर्च वाढलेला दिसला. महिन्याच्या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणणाऱ्यानेही वर्षात एखादी चप्पल घेतलेली असतेच.

निर्देशांकात कोणत्या वस्तूला किती भार, हे अशाच पाहणीतल्या खर्चावरून ठरते. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात शंभरापैकी ४५.८६ भार अन्न आणि पेयांना, ६.५३ कपडे-पादत्राणांना, तर घरगुती वस्तू व सेवांना जेमतेम ३.८० होता. एवढ्याशा भारात कढई, चादर, बादली सगळे कोंबलेले. भाव टिपणारा कर्मचारी ठरलेल्या दुकानात जातो आणि रुपयांत उत्तर घेतो. दारावर बोहारीण आली, दोन जुन्या साड्या आणि एका पँटवर घासाघीस होऊन स्टीलचा डबा घरात आला, तर त्या डब्याला भावच नसतो. उलट आणखी एक शर्ट टाका, असा बोहारणीचा आग्रह तेवढा चालू राहतो.