परळची प्लेग-संशोधनशाळा आणि शेजारचा समाज

शके १८१८ (इ. स. १८९६-९७) मध्यें मुंबईंत उद्भवलेल्या प्लेगचा इतिहास बहुधा सरकारी अहवालांवरून लिहिला जातो. त्यांत मृतांचे आंकडे व कायद्याचीं कलमें सांपडतात. परंतु ज्या घरांत डॉक्टर शिरला त्या घरानें त्यास आंत कां घेतलें, किंवा दारांतूनच कां परतविलें, याचा उलगडा त्यांवरून क्वचितच होतो. परळच्या संशोधनशाळेपुरता या प्रश्नाचा येथें विचार कर्तव्य आहे.

प्रथम अविश्वासाचीं कारणें पाहूं. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथरोगांचा कायदा झाला, आणि घरझडतीचे व रोग्यांस सक्तीनें हलविण्याचे अधिकार अंमलदारांस मिळाले. ठाण्याहून दिव्यावरून जाणारा लोहमार्ग कल्याणास थळ व बोर या दोन घाटांकडे फुटतो. म्हणून मुंबई सोडणाऱ्या उतारूंची वैद्यकीय तपासणी कल्याणास होत असे. परक्यानें अंगास हात लावून गांठी चांचपाव्या, हें लोकांस, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, असह्य वाटे. कायद्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यास २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, व मार्च १८९८ मध्यें मुंबईंत विणकरांचा दंगा झाला.

याच काळांत वाल्डेमार हाफकिन यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत काम आरंभिलें. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां राजीखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोंचण्यांत आली. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस रोग होऊन ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं २ आजारी पडले, पण एकही मेला नाहीं. तथापि आंकड्यांनीं विद्वानांची खात्री पटते. सामान्य मनुष्य आपल्या वडीलधाऱ्यांकडे पाहतो. तिसरे आगाखान यांनीं चारचौघांदेखत लस टोंचून घेतली व प्रयोगशाळेस जागाही दिली, तेव्हां खोजा समाजांतील पुष्कळ लोक पुढें झाले.

ऑगस्ट १८९९ मध्यें ही शाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. तिची खरी कसोटी ऑक्टोबर १९०२ मध्यें लागली. पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. ठपका शाळेवर व हाफकिनवर आला. परंतु बाटली उघडणाऱ्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि कार्बॉलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळून तोच वापरला गेला, ही गोष्ट साक्षींत निघाली. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं हा पुरावा जाहीरपणें मांडला, तेव्हां तो कलंक धुतला गेला. १९२५ मध्यें संस्थेस हाफकिनचें नांव मिळालें.

याच सुमारास, १९०५ पासून, प्लेग-मंडळानें परळ येथें संशोधन चालविलें. शीव, वडाळा, परळ व वरळी या शेजारच्या वस्त्यांत त्याचे लोक उंदीर जमवीत, व प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांवर चढलेल्या पिसवा तपासीत. उंदरांवरील पिसवांच्या द्वारें रोग मनुष्यास होतो, हें त्यांतून सिद्ध झालें. सन १८९७ चा झडतीवाला घरांतून माणूस ओढून नेण्यास येई. हे लोक उंदीर व पिसवा नेण्यास येत. दोन्ही प्रसंगीं घराचा उंबरठा एकच, पण येण्याचा हेतु निराळा, आणि विश्वासाचें मर्म आमच्या मतें याच फरकांत आहे.

हा निष्कर्ष पक्का करावयाचा तर खासगी कागद हवेत. ठाणें, दिवा, कल्याण या बाजूच्या जुन्या दप्तरांत त्या वर्षांचीं घरगुती पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, लस टोंचल्याचे दाखले असतील, तर संग्राहकांनीं तीं मोडीं बखरींइतकींच जपावीं. अधिकाऱ्यानें काय केलें हें अहवाल सांगतात. लोकांनीं तें कसें घेतलें, हें त्या चिटोऱ्यांवरूनच कळावयाचें.