जुन्या लेथचा ड्राइव्ह बंद पडल्यास

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कामाचा लेथ थांबला, की तिवसा येथील कार्यशाळेसमोर दोनच मार्ग उरतात. अमरावती किंवा नागपूरहून जाणकार बोलवावा, अथवा कार्ड काढून दुरुस्तीला पाठवावे. पण अनेकदा दोष कार्डात नसतोच.

जुन्या यंत्रांतील डीसी मोटारीच्या आर्मेचरला थायरिस्टरमधून नियंत्रित विद्युतपुरवठा होतो. फील्डचा पुरवठा स्वतंत्र असतो. म्हणून प्रथम तिन्ही फेजचे व्होल्टेज ड्राइव्हच्या टर्मिनलवरच मोजावे. ग्रामीण वाहिनीवर एखादी फेज जाणे किंवा व्होल्टेज खाली येणे नवे नाही. त्यानंतर फील्ड पाहावे. मोटारीच्या पाटीवर १८० व्होल्ट व १.५ अँपिअर असे लिहिले असेल, तर फील्डचा रोध सुमारे १२० ओहम यावा; थंड मोटारीत तो थोडा कमी दिसतो. आर्मेचरला वीज मिळत असताना फील्ड तुटले, तर भार नसलेली मोटार धोकादायक वेगाने पळू शकते. यंत्र तात्पुरते चालावे म्हणून फील्ड-फेल्युअर रिले बायपास करण्याची युक्ती काही ठिकाणी सर्रास चालते. ती जिवावर बेतणारी आहे. टॅकोजनरेटरची वायर तुटली, तरी ड्राइव्हला मोटार थांबल्याचा भास होतो आणि तो वेग वाढवत नेतो.

फ्यूज वारंवार जात असेल, तर वीज बंद करून थायरिस्टर मल्टिमीटरने तपासावा. अॅनोड व कॅथोड यांमध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ रोध आला, तर तो शॉर्ट झाला, असे समजावे. तेथील फ्यूज शीघ्र तुटणारा खास प्रकारचाच हवा. साधी तार टाकल्यास तारेआधी थायरिस्टर जातो. कार्बन ब्रशची पूड साचल्यानेही गळती होते. मात्र मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्हच्या वायर मोटारीपासून सोडवाव्यात, अन्यथा मेगरचे ५०० व्होल्ट थेट कार्डात जातील.

वऱ्हाडातील उन्हाळा हा वेगळा अध्याय आहे. पारा ४५ अंशांपुढे गेला आणि पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू अडकले, की सकाळी सुरळीत चालणारा ड्राइव्ह दुपारी बंद पडतो. ही खूण उष्णतेचीच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. जाळी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने स्वच्छ करावी. कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी व तेल कार्डावर बसते.

पुढे कोणी एसी मोटार व फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह बसवला असेल, तर ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ५८० व्होल्ट डीसी असते. वीज बंद केल्यावरही ते काही मिनिटे टिकते, तेव्हा मीटरने खात्री केल्यावाचून हात घालू नये.

दुरुस्तीसाठी कार्ड काढण्यापूर्वी सर्व प्रीसेटच्या स्थिती आणि वायरींचे क्रमांक यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.