उसनी मते : फ्रान्समधील एका मतदाननीतीचा इतिहास

आमच्या बडोद्याच्या शाळेत दहावीच्या वर्गास निवडणूकपद्धती शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला की, ज्या पक्षास देशात सर्वांत अधिक मते पडली तो पक्ष सभागृहात तिसऱ्या क्रमांकावर कसा जातो, आणि गेला तर ती लबाडी नव्हे काय? २०२४ च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये झालेल्या निवडणुकीचे आकडे त्याच्या वाचनात आले होते. आम्ही फळ्यावर दोन फेऱ्यांचा हिशेब मांडून दाखविला, तेवढ्यात घंटा झाली, आणि मुलगा समाधान झाल्यासारखा खाली बसला. समाधान झाले नाही ते आमचेच. हिशेब दाखविणे सोपे आहे. त्याने वापरलेल्या ‘लबाडी’ या शब्दास उत्तर देणे तितके सोपे नाही. त्या उत्तरासाठी आम्ही फ्रान्सच्या निवडणुकांचा इतिहास पुन्हा एकवार चाळला. इतर शिक्षकबंधूंसही असे प्रश्न येत असतील, म्हणून त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम पद्धत समजून घ्यावयास हवी. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत ५७७ जागा असून प्रत्येक मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो. पहिल्या फेरीत कोणास निम्म्याहून अधिक मते, आणि तीही नोंदलेल्या मतदारांच्या निदान चतुर्थांशाइतकी, मिळाली तर तो निवडून आला. नाहीतर पुढील रविवारी दुसरी फेरी होते. या दुसऱ्या फेरीत पहिले दोघे तर असतातच, पण नोंदलेल्या मतदारांपैकी साडेबारा टक्क्यांची मते ज्याने मिळविली तो तिसरा, क्वचित चौथाही, उभा राहू शकतो. ही साडेबारा टक्क्यांची अट १९७६ पासूनची आहे. दुसऱ्या फेरीत ज्यास सर्वांत अधिक मते तो विजयी. तिसऱ्याने उभे राहावयाचे की माघार घ्यावयाची, हा निर्णय त्यास पहिल्या फेरीनंतरच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत करावा लागतो. पहिल्या फेरीत हवा तो निवडावा आणि दुसऱ्या फेरीत नको तो गाळावा, असे तेथील मतदार म्हणत आले आहेत. आपल्याकडे एकच फेरी असल्याने मतविभागणीची चिंता मतदानापूर्वीच वाहावी लागते आणि तिचा निवाडा पुढाऱ्यांच्या बैठकींत बंद दाराआड होतो. फ्रेंचांचा हा व्यवहार दोन रविवारांच्या मध्ये, सर्वांच्या देखत चालतो, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. तेही १७८९ च्या फ्रेंच सभागृहात कोण अध्यक्षाच्या कोणत्या हातास बसले यावरून जगभर गेले. ही डाव्या-उजव्यांची फारकत तेथे इतकी खोल आहे की, एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या उमेदवारास मत देणे म्हणजे घरातील रीत मोडण्यासारखे होते. तरीही संकटसमयी ती मोडण्याची एक जुनी परंपरा तेथे आहे. १८७७ साली अध्यक्ष मॅकमहॉन यांनी सभागृह विसर्जित केले, तेव्हा राजेशाहीवाद्यांस रोखण्यासाठी त्यांच्यावर अविश्वास दाखविणारे ३६३ प्रजासत्ताकवादी प्रतिनिधी, त्यांत नेमस्त होते तसे जहालही होते, एकदिलाने उभे राहिले. आपापसांत लढत द्यावयाची नाही, प्रत्येक मतदारसंघात प्रजासत्ताकाचा उमेदवार एकच, हा त्यांचा नियम होता. ऑक्टोबरच्या निवडणुकीत बहुमत त्यांचेच राहिले. १९३६ मध्ये एप्रिल-मेच्या दोन फेऱ्यांत समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॅडिकल यांनी एकमेकांसाठी माघार घेतली आणि लेऑं ब्लुम यांचे सरकार आले. ‘प्रजासत्ताक आघाडी’ हे नाव मात्र १९५६ च्या एका निवडणूक-युतीचे. ते पुढे या साऱ्या नीतीस चिकटले.

ज्यां-मारी ल पेन यांचा नॅशनल फ्रंट हा पक्ष १९७२ साली निघाला, आणि पहिली दहा वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. दखल घ्यावी लागली ती पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या द्रो या लहानशा शहरामुळे. १९८३ च्या सप्टेंबरात तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीत या पक्षाच्या यादीस पहिल्या फेरीत सुमारे १७ टक्के मते मिळाली. दुसऱ्या फेरीत सनातनी उजव्या पक्षांनी त्यांची यादी आपल्या यादीत मिसळून घेतली आणि डाव्यांकडून नगरपालिका जिंकली. उजव्या गोटातीलच सिमोन व्हेल यांनी, आपण द्रोच्या मतदार असतो तर कोणासच मत दिले नसते, असे उघडपणे सांगितले. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचून आलेल्या त्या बाईंचे म्हणणे त्या वेळी त्यांच्या पक्षबंधूंस अवाजवी वाटले. पुढील काळात त्यांपैकी अनेकांचे मत बदलले.

निवडणूकपद्धतीचा परिणाम किती मोठा असतो याचा पुरावा लगेच मिळाला. मित्तरां यांच्या कारकिर्दीत १९८६ ची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने झाली, आणि दहा टक्क्यांस जराशी कमी पडलेल्या मतांवर नॅशनल फ्रंटला ३५ जागा मिळाल्या. उजव्यांचे सरकार आले, त्याने दोन फेऱ्यांची पद्धत पुन्हा आणली, आणि १९८८ साली जवळजवळ तितक्याच मतांवर त्या पक्षास एक जागा मिळाली. पस्तीस आणि एक! एकट्याने लढणाऱ्या आणि इतर कोणीही उसने मत न देणाऱ्या पक्षास दुसरी फेरी म्हणजे भिंतच होती.

आता २००२ कडे येऊ. कारण उसन्या मतांचा खरा प्रश्न तेथे उभा राहिला. अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीस १६ उमेदवार होते. समाजवादी पंतप्रधान जोस्पां दुसऱ्या फेरीत जाणारच, असे सर्वांनी गृहीत धरल्याने डाव्या मतदारांनी आपापल्या आवडीच्या लहान उमेदवारांस मते दिली. २१ एप्रिलच्या रात्री आकडे आले ते असे : शिराक १९.८८ टक्के, ल पेन १६.८६, जोस्पां १६.१८. दोन लाखांहून कमी मतांनी जोस्पां गळाले, आणि डाव्या मतदारापुढे शिराक किंवा ल पेन एवढाच पर्याय उरला.

शिराक यांच्यावर पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहारांचे आरोप होते. ‘ठगास मत द्या, फॅसिस्टास नको,’ अशा अर्थाचे फलक घेऊन लोक रस्त्यावर उतरले. १ मे रोजी देशभर दहा लाखांहून अधिक माणसे मिरवणुकांत होती. कपडे वाळत घालण्याचा चिमटा नाकास लावून मतदानास जावे अशी टूम निघाली, तेव्हा असे प्रदर्शन मतदानाच्या गुप्ततेस बाधक असल्याचा इशारा तेथील घटना परिषदेस द्यावा लागला. आम्हांस हा चिमटा हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मत देतो आहे पण मन देत नाही, हे कोणास तरी कळावे यासाठीची ती धडपड होती. मतपत्रिकेवर मात्र तसे लिहिण्याची सोय नसते. पेटीत पडलेले प्रत्येक मत सारखेच दिसते.

५ मे रोजी शिराक यांस ८२.२१ टक्के मते पडली. पहिल्या फेरीतील त्यांची मते ५७ लाखांच्या आत होती, दुसऱ्या फेरीतील अडीच कोटींच्या वर. म्हणजे जवळजवळ दोन कोटी मते उसनी! त्यांचे शिराक यांनी काय केले? त्यांनी राफारां यांस पंतप्रधान नेमले, सर्व मंत्रिमंडळ आपल्याच बाजूचे केले, जूनमध्ये राष्ट्रीय सभेत स्वपक्षास मोठे बहुमत मिळविले, आणि पाच वर्षे असा कारभार केला की जणू ते ८२ टक्के त्यांचे स्वतःचे होते. घटनेने त्यांस दुसरे काही करावयास भाग पाडले नव्हते, हे खरे. पण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणणारी गृहिणीही ती परत करताना वाटी रिकामी पाठवीत नाही. शिराक यांच्या या विस्मरणातच पुढील काळातील पुष्कळशा कटुतेचे बीज आहे, असे आमचे मत आहे.

२०१५ च्या डिसेंबरातील प्रांतिक निवडणुकीत हा त्याग अधिक महाग पडला. उत्तरेकडील प्रांतात ल पेन यांची कन्या मारीन पहिल्या फेरीत ४० टक्क्यांवर होत्या; समाजवादी तिसरे होते. तेथे आणि दक्षिणेतील प्रोव्हान्समध्ये समाजवादी पक्षाने आपल्या याद्या मागे घेतल्या. याद्यांच्या निवडणुकीत माघार घेणे म्हणजे प्रांतिक सभेतील एकूण एक जागेवर पाणी सोडणे. २०२१ पर्यंत त्या दोन सभांत त्या पक्षाचा एकही सभासद नव्हता. उत्तरेत उजवे झाव्हिए बर्त्रां जवळजवळ ५८ टक्क्यांनी विजयी झाले, आणि त्याच रात्री त्यांनी डाव्या मतदारांचे आभार मानले. पूर्वेकडील प्रांतात मासरे या समाजवादी पुढाऱ्याने पक्षादेश झुगारून माघार नाकारली, तरी अतिउजवा पक्ष हरलाच आणि मासरे यांस आपल्या जागा राखता आल्या. म्हणजे प्रत्येक वेळी त्याग अटळच असतो असे नाही. पण तो अटळ होता की नाही हे निकालानंतर कळते, आणि निर्णय मंगळवारी संध्याकाळी करावा लागतो.

मॅक्रॉन यांच्याविरुद्ध मारीन ल पेन यांस २०१७ मध्ये ३४ टक्के मते होती, २०२२ मध्ये ती ४१ च्या वर गेली. २०१८ साली त्यांनी पक्षाचे नाव पालटून नॅशनल रॅली केले होते. २०२२ च्या जूनमध्ये मॅक्रॉन यांच्या पक्षाने डाव्यांच्या बाजूने स्पष्ट शब्द उच्चारला नाही, डाव्यांतील अनेकांनी तीच परतफेड केली, आणि नॅशनल रॅलीचे ८९ प्रतिनिधी सभागृहात आले.

अशा स्थितीत ३० जून २०२४ रोजी, अध्यक्षांनी सभागृह अकस्मात विसर्जित केल्यानंतरची पहिली फेरी झाली. नॅशनल रॅली आणि तिचे मित्र ३३ टक्क्यांवर, डाव्यांची आघाडी २८ च्या आसपास, मॅक्रॉन यांचा गट २१ च्या जवळपास. तीनशेहून अधिक मतदारसंघांत तिरंगी लढतीची शक्यता होती. दोनच दिवसांत दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली, आणि तिरंगी लढती ८९ उरल्या. ७ जुलैस डावी आघाडी सुमारे १८० जागांवर पहिली आली, मॅक्रॉन यांचा गट सुमारे १६० वर दुसरा, आणि नॅशनल रॅली व मित्र १४३ वर तिसरे.

यांपैकी दोन मतदारसंघ पाहण्यासारखे आहेत. नॉर्मंडीतील व्हीर परिसरातून एलिझाबेथ बोर्न उभ्या होत्या. पंतप्रधान असताना २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा त्यांनी सभागृहात अंतिम मतदान न घेता, घटनेच्या एका कलमाच्या आधाराने संमत करविला होता. त्या विरुद्ध लक्षावधी लोक रस्त्यावर आले होते. २०२२ मध्ये याच मतदारसंघात त्यांच्याशी लढून हरलेले नोए गोशार हे तरुण डावे उमेदवार या वेळी तिसरे आले. त्यांनी बोर्नबाईंसाठी माघार घेतली, आणि नॅशनल रॅलीच्या मागे पडलेल्या बोर्न ५६ टक्क्यांनी निवडून आल्या. सोमच्या प्रदेशात नेमके उलट घडले. तेथे डावे फ्रान्स्वा रुफां दुसरे होते. तिसऱ्या आलेल्या मॅक्रॉनपक्षीय बाईंनी माघार घेतली आणि रुफां ५३ टक्क्यांच्या जवळ जाऊन जिंकले. ज्या कायद्यामुळे आपल्या बापास दोन वर्षे अधिक राबावे लागणार, तो करणाऱ्या बाईंस व्हीरमधील डाव्या कामगाराने मत दिले. ती मतपत्रिका घडी घालून पाकिटात सारताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कोणत्याही निकालपत्रकात सापडणार नाही.

आता आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. दुसऱ्या फेरीत नॅशनल रॅली व मित्रांस सुमारे ३७ टक्के मते पडली, हा आकडा खरा आहे. पण इतर दोन गटांशी त्याची तुलना करणे फसवे आहे, कारण त्या गटांनी आपले उमेदवारच शेकडो ठिकाणांहून काढून घेतले होते. जेथे उमेदवार नाही तेथे मते शून्य. पहिल्या फेरीचे आकडे अधिक प्रामाणिक आहेत, आणि ते असे सांगतात की तिघांपैकी एकास तो पक्ष हवा होता. उरलेल्या दोघांनी, आपसांत पटत नसताना, तो नको असे ठरविले तर त्यास लबाडी म्हणता येणार नाही. येथवर आमचे मत पक्के आहे. मात्र त्या तिसऱ्याची बाजूही शिक्षकाने वर्गात सांगितली पाहिजे. लक्षावधी फ्रेंच नागरिक वर्षानुवर्षे मत देतात आणि दर वेळी दार लावलेले पाहतात. डावे आणि उजवे आतून एकच, असा त्यांच्या पुढाऱ्यांचा जुना आरोप आहे, आणि प्रत्येक माघारीने त्या आरोपास एक नवा दाखला मिळतो.

आणि उसने घेणाऱ्यांनी २०२४ नंतरही काही निराळे केले नाही. सप्टेंबरात पंतप्रधान नेमले गेले ते बार्निये. त्यांच्या पक्षाने माघारीच्या या व्यवहारात पक्ष म्हणून भागच घेतला नव्हता. त्यांचे सरकार टिकणे नॅशनल रॅलीच्या मर्जीवर अवलंबून राहिले, म्हणजे ज्यास रोखण्यासाठी सारे केले त्याच्याच हाती किल्ली गेली. ४ डिसेंबर रोजी डावे व नॅशनल रॅली यांनी मिळून ३३१ मतांनी ते सरकार पाडले. पुढचे बायरू यांचे सरकार सप्टेंबर २०२५ मध्ये पडले. त्यात बोर्नबाई शिक्षणमंत्री होत्या. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी एका वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी, देशाच्या स्थैर्यासाठी आवश्यक असेल तर निवृत्तिवेतनाच्या आपल्याच कायद्यास स्थगिती देण्याची आपली तयारी आहे, असे सांगितले. आठवड्याभरात पंतप्रधान लकोर्नू यांनी, समाजवाद्यांनी आपले सरकार पाडू नये म्हणून, ती स्थगिती राष्ट्रीय सभेत जाहीर केली. व्हीरच्या मतदारांचा उल्लेख त्या प्रसंगी कोणी केल्याचे आमच्या वाचनात आले नाही.