आवृत्ती-नियंत्रण साधनांतील मजकूर-शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये 'एस.सी.सी.एस.' हे आज्ञावलीच्या आवृत्त्या जतन करणारे साधन सिद्ध केले. केन थॉम्प्सन यांचे 'ग्रेप' हे शोधसाधनही तेथेच, १९७३ मध्ये प्रचारात आले. एकाच संस्थेत जन्मलेली ही दोन साधने पुढे दीर्घकाळ परस्परांपासून बहुतांशी अलिप्तच राहिली, ही बाब लक्षणीय आहे. एस.सी.सी.एस.मधील 'व्हॉट' आणि वॉल्टर टिची यांच्या आर.सी.एस.मधील 'आयडेंट' या आज्ञा फाइलमधील आवृत्तीची खूण तेवढी शोधीत. सी.व्ही.एस.मधील 'ॲनोटेट' विद्यमान ओळ कोणी व केव्हा बदलली हे सांगे. वगळलेल्या ओळीविषयी मात्र ती मूक होती. वस्तुतः खरी अडचण तेथेच होती. एखादी ओळ पूर्वी का काढली हे ठाऊक नसले, तर दुरुस्ती करणारा तीच चूक नव्याने करतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या विकासकार्यासाठी 'गिट' लिहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच जुनिओ हमानो यांनी त्यात 'पिकॅक्स', म्हणजे कुदळ, या नावाने ओळखली जाणारी सुविधा घातली. जुलैपासून गिटची धुराही त्यांच्याकडे आली. कुदळीची रीत साधी आहे. दिलेला मजकूर बदलापूर्वी आणि बदलानंतर फाइलमध्ये किती वेळा येतो, हे मोजायचे; संख्या भिन्न असेल तर तो बदल दाखवायचा. त्यामुळे गळालेला मजकूर प्रथमच सहज हाती लागू लागला. परंतु त्याच फाइलमध्ये ओळ केवळ वरची खाली गेली, तर संख्या तीच राहते आणि तो बदल निसटतो. बेरीज-वजाबाकी झालेल्या ओळींतच नमुना शोधणारा 'जी' हा पर्याय जानेवारी २०११ च्या १.७.४ या आवृत्तीत आला, तेव्हा ही उणीव बरीचशी भरून निघाली.

'गिट ग्रेप' २००५ मध्ये लहानशा शेल लिपीच्या रूपात आले. ते केवळ गिटच्या नोंदीतील फाइली चाळी. संकलनातून निर्माण झालेला पसारा आपोआप बाजूस राही. २००६ मध्ये ते सी भाषेत अंतर्भूत झाल्यावर जुन्या आवृत्त्याही बाहेर न काढता तपासता येऊ लागल्या. ओळींच्या ठरावीक पट्ट्याचा मागोवा घेणारा 'एल' हा पर्याय २०१३ चा आहे.

या सुविधांची किंमत वेळेत मोजावी लागते. कुदळीसाठी गिट मजकुराची शब्दसूची आधी तयार करून ठेवीत नाही. प्रत्येक शोधात इतिहास नव्याने वाचला जातो. म्हणून मोठ्या प्रकल्पांत शोधाची मर्यादा एखाद्या फाइलीपुरती वा कालखंडापुरती आखून घेण्याची प्रथा पडली आहे.