एक सामना, तीन इंग्रजी



आपल्या आदिलाबादकडच्या मराठी घरांच्या आठवणी इथे बऱ्याच लिहून झाल्या. कापसाच्या, पैनगंगेच्या पुराच्या, जुन्या वाड्यांच्या, लग्नाच्या वऱ्हाडांच्या. पण आपल्या घरांत इंग्रजी कसं आलं, ते कोणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून आज तो विषय घेतो. मी भाषेचा माणूस नाही, बी.कॉम. होऊन बँकेत आयुष्य काढलं. तरी हिशेब मांडायची सवय आहे, तसाच हा मांडतो. आमच्या पिढीतल्या काही मुलांचं इंग्रजी शाळेपेक्षा फुटबॉलच्या बातम्यांनी पक्कं केलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचं माध्यम उर्दूच होतं, इंग्रजी हा सक्तीचा विषय. माझ्या वडिलांची पिढी घरी मराठी बोलायची, अर्ज उर्दूत लिहायची आणि बाजारात तेलुगू आणि गोंडी दोन्हींवर काम भागवायची. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि उर्दूचं राज्य संपलं. मग 1956 ची राज्य पुनर्रचना. किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून काढून नांदेडला जोडले. राजुरा पुढे 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. आपण राहिलेले आंध्र प्रदेशात आलो. आत्या महाराष्ट्रात, काका आंध्रात, अशी कित्येक घरं झाली.

या उलथापालथीत आम्हा मुलांची अवस्था विचित्र होती. मराठी शाळेत शिकायचो, पण नोकरीच्या दृष्टीने मराठीचा इकडे उपयोग नाही. वडिलांची उर्दू कालबाह्य झालेली. तेलुगू कानावर होती, पण लिहिताना हात अडखळायचा. राहिली इंग्रजी. ती आली तर हैदराबाद, नांदेड, नागपूर तिन्हीकडे दार उघडं. नाही आली तर मॅट्रिकलाच गाडी थांबली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं इंग्रजीच्या पेपरालाच अडली आणि शेतीकडे किंवा दुकानाकडे वळली. बुद्धीने ती कमी नव्हती.

शाळेत इंग्रजी शिकवायची रीत म्हणजे शब्द पाठ करा, स्पेलिंग पाठ करा, व्याकरणाचे नियम पाठ करा. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होतीच. ती पद्धत वाईट होती असं म्हणणार नाही, तिने पाया घातला. पण त्यातली वाक्यं कोणी कोणाला कधी बोलेल असं वाटायचं नाही. पुढचं वाक्य वाचावंसं वाटेल, अशी ओढ त्यात नव्हती.

ओढ होती फुटबॉलची. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळात हैदराबाद म्हणजे फुटबॉलचं गाव होतं. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता. संतोष ट्रॉफी हैदराबादने 1956 आणि 1957 अशी लागोपाठ दोनदा मिळवली. या सगळ्यामागे सय्यद अब्दुल रहीम, सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. मूळ पेशा शिक्षकाचा. भारताचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी 1951 ला दिल्लीत आणि 1962 ला जकार्तात एशियाडचं सुवर्णपदक मिळवून दिलं. मधल्या काळात 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला. थंगराज, बलराम, युसुफ खान ही हैदराबाद-सिकंदराबादची नावं आमच्या तोंडी असायची. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, पण हे खेळाडू आपले वाटायचे. आमचा खेळ म्हणजे धुळीचं मैदान आणि चारदा ठिगळ लावलेला चेंडू.

आता मुद्द्यावर येतो. फुटबॉलची बातमी आमच्यापर्यंत तीन वेगवेगळ्या इंग्रजीत यायची.

पहिलं इंग्रजी रेडिओचं. आकाशवाणीवर तेव्हा धीम्या गतीचं बातमीपत्र असायचं. छोट्या वर्तमानपत्रांना लिहून घेता यावं म्हणून निवेदक एकेक वाक्य सावकाश, थांबून सांगायचा. आमच्यासारख्यांना तो फुकटचा शिक्षकच. त्यात खेळाची बातमी आली तर एक-दोन वाक्यांत संपायची. कोण जिंकलं, कोणाला हरवलं, गोल किती.

दुसरं इंग्रजी छोट्या बातमीचं. नागपूरचा 'हितवाद' बसने यायचा, वाचनालयात त्याच्याभोवती गर्दी असायची. त्यात आठ-दहा ओळींची बातमी. आधी कोणी गोल केला, मध्यंतराला काय स्थिती होती, शेवटी काय झालं.

तिसरं इंग्रजी मोठ्या शहरांच्या पेपरांचं. ते शिळे होऊन यायचे, पण त्यात दोन-दोन कॉलमांचं वर्णन असायचं. मैदान ओलं होतं का, कोणता बचाव ढिसाळ पडला, प्रेक्षकांचा मूड कसा होता. वाक्यं लांबलचक, शब्द अवघड.

उदाहरण म्हणून 4 सप्टेंबर 1962 चा जकार्तातला अंतिम सामना घ्या. मी बारा वर्षांचा होतो. पहिल्या पायरीवर एवढंच: "इंडिया बीट साउथ कोरिया टू-वन." दुसऱ्या पायरीवर अशा धर्तीचं काही: "इंडिया लेड टू-निल ॲट हाफ-टाइम. पी. के. बॅनर्जी अँड जर्नेल सिंग स्कोअर्ड. कोरिया स्कोअर्ड लेट." आणि तिसऱ्या पायरीवर सगळी कहाणी. जर्नेल सिंग खरा बचावपटू, आधीच्या सामन्यात डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी त्याला पुढे आघाडीला खेळवलं आणि त्यानेच दुसरा गोल केला. मैदानात प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, कारण इस्रायल आणि तैवानला वगळल्याच्या प्रश्नावरून यजमान इंडोनेशियाशी वाद पेटला होता.

गंमत अशी की पहिली पायरी कळलेली असली की दुसरी आपोआप उलगडायची. निकाल आधीच माहीत, त्यामुळे 'लेड' म्हणजे काय ते डिक्शनरी न बघता कळायचं. दुसरी कळली की तिसरीतला अवघड शब्द अंदाजाने पकडता यायचा. आणि फुटबॉलच्या बातमीत क्रियापदं रोजच्या वापरातली. रन, किक, पास, सेव्ह, लूज. सगळं भूतकाळात आणि घडलं त्याच क्रमाने. क्रिकेटच्या बातमीत हा फायदा कमी. तिथे गुगली, सिली पॉइंट, लेग बिफोर, हे शब्द शिकून बाजारात काय बोलणार? 'बीट'चं भूतकाळी रूप 'बीट'च राहतं, हे मास्तरांनी छडीने शिकवलं होतं, डोक्यात बसवलं ते फुटबॉलने.

पुढे बँकेत असताना वाचनाचा नाद लागला, तेव्हा कळलं की आम्ही नकळत जे करत होतो, त्यावर मोठ्या लोकांनी आयुष्य घातलं होतं. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने 1930 मध्ये अवघ्या 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ऑक्टोबर 1959 मध्ये 'स्पेशल इंग्लिश' बातम्या सुरू केल्या. साधारण 1500 शब्दांत, छोट्या वाक्यांत आणि नेहमीपेक्षा संथ वाचलेल्या. शॉर्टवेव्हवर खरखर सहन केली तर त्या इकडेही लागायच्या.

पण मला सगळ्यात पटला तो मायकेल वेस्ट. हा इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होता. त्याने पाहिलं की बहुतेक मुलं अर्ध्यावर शाळा सोडतात. मग अर्धवट शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना उपयोग काय? 1926 च्या आपल्या पुस्तकात त्याने त्यासाठी विम्यातला शब्द वापरला, 'सरेंडर व्हॅल्यू'. एलआयसीची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात किती पडतं, ती रक्कम. वेस्टचं म्हणणं, विषय असा शिकवा की मूल कुठल्याही वर्षी शाळेबाहेर पडलं तरी त्याच्या हाती काहीतरी रोकड लागावी. पुढे 1953 मध्ये त्याने सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादीही प्रसिद्ध केली.

बँकेच्या माणसाला हे लगेच कळलं. आमच्या शाळेतल्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू जवळजवळ शून्य होती. मॅट्रिक पास झालात तर सगळं मिळालं, नापास झालात तर सगळं बुडालं. व्याकरणाचे अर्धे नियम घेऊन माणूस काय करणार? फुटबॉलच्या बातमीचं तसं नव्हतं. एका ओळीवर थांबलात तरी एक ओळ तुमची झाली.

याचं घरातलंच उदाहरण सांगतो. माझी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. वाचनालयात मुलींनी जायची पद्धत नव्हती, त्यामुळे पेपर तिच्यापर्यंत पोचायचा तो पुडी बांधून. रेडिओ मात्र घरात होता. भाकरी थापता थापता ती ते धीम्या गतीचं बातमीपत्र ऐकायची आणि नंतर जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ऐकलेली वाक्यं देवनागरीत लिहून ठेवायची. सामन्याचा निकाल मला बहुतेक वेळा तीच सांगायची. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, शाळा सुटली. मी तिन्ही पायऱ्या चढलो, तिला पहिलीच मिळाली. तेवढ्या इंग्रजीवर तिने आयुष्यभर औषधाच्या बाटल्या, मनीऑर्डरचे फॉर्म, मुलांची प्रगतिपुस्तकं वाचली. तिची सरेंडर व्हॅल्यू एवढीच. ती वाया गेली नाही, हे खरं. पण तिच्या डोक्याचा विचार करता फार थोडी होती, हेही तितकंच खरं. दोघांची बुद्धी सारखीच होती, फरक होता तो वाचनालयाच्या उंबऱ्याचा.

माझं पुढचं सरळ झालं. नांदेडला बी.कॉम. केलं, बँकेची परीक्षा दिली. त्यात इंग्रजी निबंध आणि उताऱ्याचा सारांश असायचा. लांब बातमीची दोन ओळीत बातमी करायची, हा तर आमचा रोजचाच उद्योग होता, फक्त उलट्या दिशेने. बँकेत रुजू झाल्यावर आणखी एक मौज लक्षात आली. मैदानावरचे कितीतरी शब्द काउंटरवर वेगळा अर्थ घेऊन बसलेले. तिथे सामना 'ड्रॉ' होतो, इथे चेक 'ड्रॉ' करतात. तिथे गोलकीपर 'सेव्ह' करतो, इथे 'सेव्हिंग' खातं. तिथे बॅक खेळाडू चेंडू 'क्लिअर' करतो, इथे चेक 'क्लिअर' होतो. तिथे संघ उपांत्य फेरीत 'ॲडव्हान्स' होतो, इथे 'ॲडव्हान्स' म्हणजे कर्ज, आणि ते वसूल करताना कोण पुढे सरकतं ते आम्हालाच माहीत. नव्या मराठी मुलांना मी हे असंच समजावून द्यायचो आणि त्यांच्या पटकन लक्षात राहायचं.

हे सगळं आज कशासाठी सांगतो? 2016 मध्ये आपल्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मराठी शाळांतली मुलं कमी होताना दिसतात. नातवंडं इंग्रजी माध्यमात जातात, फी हजारांत. तरी कित्येक मुलं धड्याचं उत्तर पाठ म्हणतात आणि पेपर पुढे ठेवला की गप्प होतात. पायऱ्या गाळून एकदम वरच्या मजल्यावर नेलं की असंच व्हायचं.

आपण आजी-आजोबा घरी बसून एवढं करू शकतो. आठवड्यातून एक सामना निवडा. आधी फक्त निकालाचं वाक्य. दुसऱ्या दिवशी छोटी बातमी. तिसऱ्या दिवशी मोठी. शेवटी मुलाला त्याच सामन्यावर तीन ओळी लिहायला सांगा. अर्थ लगेच सांगू नका, त्याला अंदाज करू द्या.

आणि सामना फक्त नातवासाठी निवडू नका. 5 जुलै 2025 ला थायलंडमध्ये आपल्या महिला संघाने थायलंडलाच 2-1 हरवून आशिया कपची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून भारतीय महिला पहिल्यांदाच तिथे पोचल्या. राष्ट्रीय संघातून खेळणारी सौम्या गुगुलोत ही तर गोदावरीपलीकडच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यावरची मुलगी. नातीबरोबर हा सामना तिन्ही इंग्रजीत वाचून बघा. आता पेपर घरातच, फोनवर येतो. उंबरा ओलांडायचा प्रश्न उरलेला नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशा जुन्या वह्या असतील, रेडिओवरून लिहून घेतलेल्या, किंवा आई-आजीने असंच ऐकून इंग्रजी शिकल्याचं आठवत असेल, तर जरूर लिहा. विशेषतः आयांचं आणि बहिणींचं लिहा. ते अजून कुठेच नोंदलेलं नाही.