शिसे गेल्यानंतरची जुनी इंजिने

वांकिडी हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, २०१६ नंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले, महाराष्ट्राला लागून असलेले गाव असून आसिफाबादहून राजुरा व चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथूनच पुढे जातो. सीमेच्या दोन्ही बाजूंना राज्यांच्या करांमुळे पेट्रोलचा भाव वेगळा असतो, मात्र इंधनाची घडण केंद्राच्या नियमाने ठरते. त्यामुळे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल बंधनकारक झाले, तेव्हा वांकिडीच्या परिसरातील जुन्या मोटारींनाही तेच इंधन घ्यावे लागले.

पेट्रोलात शिसे आले ते इंजिनातील ठोका थांबवण्यासाठी. सिलिंडरमधील दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटले, तर धातूवर आघात होतो आणि इंजिन ठोकू लागते. या अकाली पेटण्याला विरोध करण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. जनरल मोटर्समधील थॉमस मिज्ली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाचा हा गुण सापडला आणि १९२३ पासून अमेरिकेत ते मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते, तरी हा स्वस्त उपाय जगभर पसरला आणि त्याची किंमत कित्येक पिढ्यांतील मुलांच्या मेंदूने मोजली.

या शिशाचे दुसरे कार्य ठरवून केलेले नव्हते. एक्झॉस्ट वॉल्व्ह ज्या कडेवर टेकून बंद होतो तिला सीट म्हणतात. जळालेल्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर वॉल्व्ह व सीट यांच्यामध्ये साचत असे आणि तप्त धातूचा धातूशी थेट स्पर्श टळत असे. तो थर नसला की मऊ बिडाच्या सीटवर वॉल्व्ह क्षणमात्र चिकटतो, उघडताना तिचे सूक्ष्म कण ओरबाडून नेतो, हेच कण पुढे घासणीचे काम करतात आणि वॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये खोल बसत जातो. त्याबरोबर टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह व त्याला उघडणारा भाग यांमधली, फट कमी होत जाते आणि ती पुरती मिटली, की वॉल्व्ह नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जाते व शेवटी वॉल्व्हची कड जळते. ही झीज सर्वाधिक होते ती भर वेगात, भरल्या ओझ्याने लांब पल्ला गाठताना.

सर्वच जुन्या इंजिनांना हा धोका होता, असे मानणे चूक ठरेल. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली निजामाची १९१२ ची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट शिशाच्या आधीची आहे. तिच्या इंजिनाची रचनाच शिसेविरहित इंधनावर झाली होती. बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये असे वॉल्व्हच नव्हते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला बनवलेल्या फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या गाड्यांच्या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे होते, आणि अशा मऊ धातूत सीट वेगळ्या कठीण कड्याची बसवावीच लागते. खरी चिंता होती ती अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनासारख्या बिडाच्या हेडची. तेथे जागा कोरून कठीण मिश्रधातूची सीट ठोकून बसवणे हा कायमचा उपाय असून पोटॅशियम किंवा मँगनीजची संयुगे पेट्रोलात घालणे हा तात्पुरता आहे.

भारतातील बदल टप्प्याटप्प्याने झाला. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे त्याला वेग आला: १९९४ मध्ये चार महानगरांत शिशाचे प्रमाण लिटरला ०.१५ ग्रॅमवर आणले गेले, १ एप्रिल १९९५ पासून तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि १९९७ पासून कमी शिशाचा नियम देशभर लागू झाला. या कन्व्हर्टरमधील धातूंचा थर शिशाने निकामी होतो, म्हणून नव्या मोटारींसाठी तरी शिसे जाणे अटळच होते. जगातील रस्त्यांवरच्या वाहनांसाठी ते २०२१ मध्ये अल्जेरियात शेवटी बंद झाले.

जुन्या गाड्यांच्या मालकांची भीती आज मात्र चुकीच्या जागी अडकली आहे. २००३ मध्ये महाराष्ट्र व तेव्हाच्या आंध्र प्रदेशासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि आता हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, पण ते जुन्या रबराच्या नळ्या व डायफ्रॅम फुगवते, हवेतील पाणी शोषून टाकी व कार्ब्युरेटर गंजवते आणि स्वतःत ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ करते. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या वाहनांना २०२१ च्या नियमांनी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर येण्याची मुभा दिली आहे. इतक्या थोड्या वापरात सीट फारशी झिजत नाही, उलट महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या टाकीतले इथेनॉलच घातक ठरते. म्हणून अशी मोटार जपणाऱ्याने आधी इंधनाच्या नळ्या व सील इथेनॉल सोसणारे बसवावेत, गाडी उभी करताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, आणि टॅपेटची फट वारंवार कमी होताना दिसली तरच हेड उघडावे.